लसूण, नारिंग आणि व्याहीबुवा

‘फ्यूजन’ हा शब्द दिसला की मी सावध होते. फूडवर लिहिणाऱ्या फ्रीलान्सरला तो महिन्यातून चारदा तरी कुठल्यातरी मेन्यूकार्डावर भेटतोच, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच निघतो, की कुणीतरी कशावर तरी चीज किसून घातलंय. शेजवान डोसा, तंदुरी मोमो, पनीर टिक्का पिझ्झा... खातो आपण सगळेच, उगाच खोटं कशाला बोला! पण दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे नवीन काय हाती लागलं, असं विचारलं की शेफमंडळी ‘व्हाइब’वगैरे बोलायला लागतात.

मला या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं ते पोर्कच्या एका भांड्यात. लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरलेलं, मंद आंचेवर तीन तास शिजलेलं, अर्धं क्यूबन आणि अर्धं मेक्सिकन पोर्क. करणारी होती माझी वहिनी.

मासकॉमला पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते ‘कोण, कुठे, कधी’ आधी उरकून टाकते. कुठे? अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मियामीत. कधी? २०२३ चा डिसेंबर. कोण? माझा दादा तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, पक्की मियामीकर. तिचे वडील क्यूबाचे, आई मेक्सिकोची. ती वडिलांना ‘पापी’ म्हणते आणि आईला ‘मामी’. माझ्या आईला हे पचायला एक आठवडा लागला. दादा-वहिनीला चार वर्षांचा मुलगा आहे. तो एकाच वाक्यात मराठी, इंग्लिश आणि स्पॅनिश बोलतो आणि तिन्ही भाषांत मुख्यतः ‘नको’ म्हणतो.

आई आणि मी दोन महिने त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. आई शाळेत मराठी-संस्कृत शिकवून रिटायर झालेली. आमच्या घरी मासे चालतात, रविवारी चिकन चालतं. पोर्कचं मात्र नावही निघत नाही.

पेटी आणि कढई

मियामीतल्या क्यूबन घरांत वर्षातला मोठा दिवस म्हणजे २४ डिसेंबरची रात्र, ‘नोचेबुएना’. त्या रात्री ‘लेचोन’ हवंच. लेचोन म्हणजे अख्खं डुक्कर, आदल्या दिवसापासून ‘मोहो’मध्ये मुरवलेलं. आणि मोहो म्हणजे ठेचलेला लसूण, आंबट संत्र्याचा रस, जिरं, ओरेगॅनो, मीठ आणि तेल. मग ते डुक्कर ‘काहा चिना’ नावाच्या पेटीत ठेवायचं, झाकणावर निखारे पसरायचे आणि अंगणात बसून राखण करायची. वहिनीकडे हे काम तिच्या बाबांचं. तीसेक वर्षांत त्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अंगणात तासन् तास उभं राहणं बंद. मग वहिनीने जाहीर केलं, की यंदा पोर्क मी करणार. पेटीत नाही, ओव्हनमध्ये. आणि अर्धं पापींच्या पद्धतीने, अर्धं मामींच्या.

झालं! दोन्हीकडून निषेधाचे फोन. बाबांचं म्हणणं, तुकडे करून भांड्यात घातलेल्या पोर्कला लेचोन म्हणायचं नाही. मामींचं म्हणणं, ‘कार्निटास’मध्ये इतकं जिरं कोण घालतं?

मामींचं माहेर मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातलं. टोमॅटोच्या शेतांवर काम करायला त्यांचं कुटुंब मियामीच्या दक्षिणेला होमस्टेडला आलं. कार्निटास ही मिचोआकानची शान, आणि त्यातही किरोगा या गावाचं नाव मोठं. तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत डुकराच्याच चरबीत मांस मंद आंचेवर शिजवायचं, शेवटी आच वाढवून कडा कुरकुरीत करायच्या. या कढया घडवणाऱ्या गावाचं नाव सांता क्लारा देल कोब्रे. कोब्रे म्हणजे तांबं. ‘म्हणजे आपली तांबट आळीच की,’ आई म्हणाली.

बाबांचा हट्ट मला आधी टिपिकल वाटला. सगळ्यांच्याच घरात असे एक काका असतात, ज्यांच्या मटणाला दुसऱ्या कुणी मीठ घालायचं नसतं. पण एका दुपारी दादाने मला क्यूबाचा हिशेब सांगितला आणि मी गप्प झाले.

१९६९ मध्ये कास्ट्रो सरकारने क्यूबात नाताळची सुट्टीच रद्द केली. १९७० च्या हंगामात एक कोटी टन साखर काढायची होती आणि ऐन डिसेंबरात ऊसतोडणीची माणसं सुट्टीवर जायला नको होती. (साखर शेवटी निघाली ८५ लाख टनांच्या आसपास.) सुट्टी परत मिळाली ती थेट १९९७ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे पुढच्या महिन्यात भेटीला येणार होते म्हणून. मधे १९७१ मध्ये डुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ आली आणि सुमारे पाच लाख डुकरं मारावी लागली. वहिनीचे बाबा १९६९ मध्ये आठ वर्षांचे होते. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन माणसं बोटींनी फ्लोरिडाला आली, त्यांच्यात ते होते. वय वर्षं एकोणीस.

मियामीत स्वतःचं घर झाल्यावर त्यांनी जी पहिली मोठी खरेदी केली, ती ही पेटी. आता त्या पेटीतून निघणाऱ्या पोर्कमध्ये लेकीने दालचिनी आणि मिरच्या घालायच्या म्हणजे...

‘तू रिस्क घेत्येस,’ मी वहिनीला म्हटलं.

‘माहितेय,’ ती म्हणाली. ‘पण मला दोन्ही येतं. मग मी दरवर्षी एकीकडची पाहुणी का व्हायचं?’

आईची एन्ट्री

२२ तारखेला संध्याकाळी बाबा काठी टेकत स्वयंपाकघरात येऊन बसले. बहुधा देखरेखीसाठी. आईने पदर खोचला आणि वहिनीला सांगितलं, ‘मी मांसाला हात लावणार नाही हं. लसूण दे इकडे, सोलून देते.’

चार किलो पोर्क होतं, त्यामुळे लसणाचे चार गड्डे. एका बाजूला आई, समोर व्याहीबुवा. एकाला इंग्लिश जेमतेम, दुसरीला स्पॅनिश शून्य. बाबांनी सुरीच्या पात्याने पाकळी दाबून साल उडवायची युक्ती दाखवली. आईने पाकळ्या पाण्यात भिजत घालायची आपली युक्ती दाखवली. दोघांनाही दुसऱ्याची पद्धत पटली नाही. मग बाबांनी ‘पिलोन’ पुढे ओढला. लाकडी खलबत्ताच तो! आईने बत्ता हातात घेतला आणि पुढची वीस मिनिटं कुणाला दिला नाही.

मग आली संत्री. बाबांच्या परसातलं झाड. हिरवी-पिवळी, खडबडीत सालीची, चवीला आंबट आणि मागून कडसर. लिंबासारखी तीक्ष्ण नाहीत, संत्र्यासारखी गोडही नाहीत. आईने विचारलं, याला काय म्हणतात? बाबा म्हणाले, ‘नारांहा आग्रिया.’

आईचा चेहरा असा झाला, जसा दहावीच्या वर्गात कुणी बरोबर उत्तर दिल्यावर होत असेल. ‘नारांहा म्हणजे आपलं नारिंग!’ आणि मग आम्हाला फुल लेक्चर. संस्कृतातलं नारंग, तेही बहुधा दक्षिणेकडच्या भाषांतून आलेलं. तिथून फारसीत नारंग, अरबीत नारंज आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये नारांहा. फळानेही तोच रस्ता धरला. युरोपात आधी पोचलं ते हेच आंबट नारिंग, गोड संत्रं कितीतरी नंतर आलं. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत स्पॅनिश लोकांनी डुकरं आणि लिंबू-संत्र्याच्या बिया कॅरिबियन बेटांवर नेल्या. वहिनी हे सगळं बाबांना स्पॅनिशमध्ये सांगत होती. त्यांनी हातातल्या फळाकडे जरा वेळ बघितलं आणि मग अख्खी टोपली आईसमोर सरकवली.

टोपलीत फळं कमीच होती. फ्लोरिडात २००५ मध्ये ‘सिट्रस ग्रीनिंग’ हा रोग पहिल्यांदा सापडला, तोही होमस्टेडच्याच भागात. एक बारीकसा किडा तो पसरवतो, त्यावर अजून पक्का इलाज नाही. २००३-०४ च्या हंगामात या राज्यात संत्र्याच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये १ कोटी ८० लाखांच्या आसपास. बाबांच्या झाडाची पानंही पिवळी पडायला लागली होती. पूर्वी शेजाऱ्यांना वाटून उरायची म्हणे. त्या वर्षी रस कमी पडला आणि वहिनीने विकतच्या गोड संत्र्याच्या रसात लिंबू पिळून जागा भरून काढली.

कुणी काय द्यायचं

आता मुद्द्याचं. वहिनीच्या मिसळीत एक लॉजिक होतं, आणि मला फ्यूजनबद्दल जे कळलं ते इथे. तिने दोन्ही पाककृतींतलं निम्मं-निम्मं घेतलं नाही. मुरवण्याचं काम पूर्ण क्यूबाला दिलं आणि शिजवण्याचं पूर्ण मेक्सिकोला.

घरी करायचं तर प्रमाण लिहून घ्या. दोन किलो पोर्क शोल्डर, म्हणजे खांद्याचा चरबी असलेला भाग, मुठीएवढे तुकडे करून. बिनचरबीचं मांस आणून हेल्दी व्हायला जाऊ नका, ते कोरडं ठणठणीत होतं. लसणाचे दोन मोठे गड्डे, चार चमचे मीठ, दोन चमचे जिरं आणि दोन चमचे ओरेगॅनो खलबत्त्यात ठेचायचं. पाव कप तेल गरम करून त्यावर ओतायचं. चर्र आवाज आला पाहिजे, पण लसूण लाल होता कामा नये, नाहीतर कडू होतो. या एका चर्र आवाजाने कच्च्या लसणाचा उग्रपणा जातो. वर एक कप आंबट संत्र्याचा रस. आपल्याकडे दोन वाटे संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस आणि एक वाटा लिंबू घेतलं की काम होतं. हे सगळं मांसाला चोळून फ्रीजमध्ये एक रात्र. फार लांबवू नका, आंबटाने बाहेरचा थर पिठूळ होतो.

इथे क्यूबा संपला. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात मांस, मोहो, एक चिरलेला कांदा, कपभर पाणी, दालचिनीचा तुकडा, तीन बे लीफ आणि भिजवून वाटलेल्या दोन ग्वाहियो मिरच्या. ही मेक्सिकन मिरची रंगाला दांडगी आणि तिखटाला मवाळ असते, त्यामुळे आपली ब्याडगी बिनधास्त चालते. झाकण लावून १५० डिग्रीवर तीन तास. खांद्याच्या मांसात चिवट धागे असतात. घाईत शिजवले तर रबर, पण मंद आंचेवर तासन् तास ठेवले की ते विरघळतात आणि रसाला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो. शेवटी रस वेगळा काढून आटवायचा आणि मांस झाकण काढून, सुटलेल्या चरबीतच, २२० डिग्रीवर अर्धा तास. कडा कुरकुरीत, आतून काट्याने सुटेल इतकं मऊ. ही मामींची कढई. (ओव्हन नसेल तर कुकरमध्ये चाळीसेक मिनिटं आणि मग लोखंडी कढईत परता.)

नुसत्या लेचोनला रस्सा नसतो. नुसत्या कार्निटासला लसणाचा हा झणका नसतो. इथे दोन्ही होतं.

आणि तसं बघितलं तर या मिश्रणात नवीन काय आहे? १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोवर चाल करून गेला, तो क्यूबाहूनच निघाला होता. मेक्सिकोच्या युकातानमध्ये आंबट नारिंग आणि डुक्कर हे पाहुणे मायन लोकांच्या जमिनीतल्या भट्टीत शिरले आणि ‘कोचिनिता पिबिल’ झालं. तिकडे पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर त्यांचं ‘विन्या द’आल्युश’, म्हणजे वाइन-व्हिनेगर आणि लसणात मुरवलेलं मांस, गोव्यात पोचलं. गोव्याने त्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर आणि अमेरिकेतून आलेली मिरची घातली आणि त्याचं विंदालू केलं. (त्यातल्या ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, तो लसूण आहे!) डुक्कर, लसूण आणि काहीतरी आंबट. जिथे जहाज लागलं तिथे हे तिघं उतरले आणि तिथल्या मिरच्या-मसाल्यांशी त्यांनी संसार थाटला.

जेवणाच्या टेबलावर

२४ च्या रात्री पंधरा माणसं. मधोमध वहिनीचं भांडं. बाजूला काळा घेवडा-भात दोन पातेल्यांत. एकात डुकराची चरबी आणि दुसऱ्यावर चिकटपट्टीवर लिहिलेलं, ‘आई’. वहिनीने त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईने ती चिकटपट्टी वाचली आणि उगाचच चष्मा पुसला.

बाबांनी पहिला घास खाल्ला. सगळे त्यांच्याकडे न बघण्याचा अभिनय करत होते.

‘चांगलं झालंय,’ ते म्हणाले. ‘पण हे लेचोन नाही.’

‘नाहीच आहे, पापी,’ वहिनी म्हणाली. ‘लेचोन पुढच्या वर्षी तुम्ही करायचं.’

मामी म्हणाल्या जिरं जास्त झालंय, आणि एक डबा घरी न्यायला बाजूला काढला. मला वाटलं, विषय संपला.

पण दरवर्षी २४ तारखेला बाबा अंगणात पेटीशेजारी असायचे. निखारे, धूर, हातात बिअर, आणि टेबलावर सगळ्यात शेवटी येणार, दमून. त्या वर्षी ते पहिल्यांदाच संध्याकाळभर टेबलाशी बसून होते. नातवाने समोरच्या वाडग्याकडे बोट करून ‘हे काय’ विचारलं. वाडग्यात उकडलेला यूका होता, वरून तोच मोहो. यूका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा करतात, तो. आणि बाबा बोलायला लागले.

सुट्टी गेली त्या वर्षी, म्हणाले, घरात डुक्कर नव्हतं. आईने खिडक्या लावून घेतल्या. रेशनच्या तेलात लसूण टाकला, परसातली आंबट संत्री पिळली आणि उकडलेल्या यूकावर ओतलं. वास बाहेर जाईल म्हणून वडील घाबरले होते. ‘डुक्कर नव्हतं. पण मोहो होता.’ मग वहिनीच्या भांड्याकडे बघून म्हणाले, ‘वास तोच आहे.’

वहिनी हे इंग्लिशमध्ये मुलाला सांगत होती, दादा मराठीत आईला. मधेच वहिनी थांबली. तिने ही गोष्ट तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली होती. पेटी, निखारे, अख्खं डुक्कर यांना हात लावताना ती महिनाभर धास्तावलेली होती. बाबांना जे जपायचं होतं ते खलबत्त्यात होतं, आणि त्यातलं तिने काहीच बदललं नव्हतं.

आईने त्या रात्री यूका दोनदा मागून घेतला. बाबांनी पोर्कचे कडेचे कुरकुरीत तुकडे नातवाच्या ताटातून पळवले.

२०२४ च्या डिसेंबरात बाबांचा गुडघा सुधारला आणि पेटी परत अंगणात आली. व्हिडिओ कॉलवर बघितलं, लेचोनशेजारी वहिनीचं भांडंही होतं. झाडाला जेमतेम अकरा फळं आली. तिने त्यांचा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला आणि त्यातले चार तुकडे बाबांच्या मोहोसाठी राखले.

मी पुण्यात हे पोर्क वर्षातून दोन-तीनदा करते, मोसंबी आणि लिंबावर. मित्रमंडळींना ‘फ्यूजन’ म्हणून सांगत नाही, वहिनीचं पोर्क म्हणून सांगते. तुम्ही केलंत तर मोहो थोडा जास्त करा आणि वेगळा काढून ठेवा. शाबुकंद मिळाला तर उकडून त्यावर ओता, नाहीतर बटाट्यावर. आई आता हे दर महिन्याला मागते. कंद उपासाचा असला तरी लसूण उपासाला चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन येतो, ‘आज येत्येस ना करायला?’